पाचव्या खणातला दिवा

पडद्यावर एकही तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

दसऱ्याची सकाळ होती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर सर्व्हर रूमला लागून एक लहानशी खोली होती, तिथे मी एकटी बसले होते. टेबलावर आईने दिलेला श्रीखंड-पुरीचा डबा आणि समोर माझा काळा पडदा. रोज कामावर आलं की माझी पहिली कमांड असायची ती स्टोरेजला, आणि तिचा अर्थ एवढाच, की बाबा रे, कुठे काही दुखतंय का? आमचं स्टोरेज मुलखाचं कुरकुरं. दार नीट लागलं नाही तरी सांगणार, पंखा जरा जोरात फिरला तरी सांगणार, बॅटरीची मुदत पुढच्या वर्षी संपणार असली तरी आतापासून गळा काढणार. दोन-चार ओळी ठरलेल्याच. त्या दिवशी उत्तर आलं, काही नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. रोज कण्हणारं म्हातारं माणूस एखाद्या सकाळी गप्प असलं, तर घरातले बरं वाटत असेल म्हणून खूश होत नाहीत, आधी नाकाशी सूत धरतात. माझंही तसंच झालं.

मी तशी जात्याच भित्री. एकदा लिहिलेली कमांड तीनदा वाचल्याशिवाय माझं बोट एंटरवर जात नसे. त्यावरून मला भागूबाई हे नाव पडलं होतं आणि ते ठेवलं होतं आमच्या साहेबांच्या मुलीने, रेवतीने. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की वडिलांबरोबर घरी जायचं म्हणून माझ्या खोलीत येऊन बसायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. भागूताई, तुझ्या मशीनला रंग कुणी शिकवलेच नाहीत का गं, असं विचारायची. भागूताई, तुझं लग्न ठरलं तर होकारसुद्धा तू तीनदा वाचून देशील, असं म्हणायची. मी वैतागायचे, पण ती आली नाही तर खोली फार शांत वाटायची.

त्या सकाळी रेवती वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली होती, आणि ती नेमकी बोलण्याची जागा जिथे असते तिला चिकटून. पुण्याचे डॉ. नगरकर आमच्या धर्मादाय हॉस्पिटलसाठी आपल्या सुट्ट्या देत, म्हणून दिवस दसऱ्याचा ठरला. साहेबांना ते बरंच वाटलं. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणखी काय पाहिजे, असं ते मला म्हणाले होते. पण बोलताना त्यांचा आवाज मुहूर्तावर खूश असलेल्या माणसासारखा नव्हता.

डॉ. नगरकरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं. गाठ काढताना ते दर थोड्या वेळाने थिएटरमधल्या मोठ्या पडद्यावर त्या सकाळच्याच एमआरआयची चित्रं उघडणार होते. कुठपर्यंत कापायचं आणि कुठे थांबायचं, हे ती चित्रं बघून ठरणार होतं. फिल्म छापणं आम्ही केव्हाच बंद केलं होतं. सगळं असायचं ते माझ्या भिंतीपलीकडच्या स्टोरेजच्या कपाटात, बारा डिस्कांवर. रात्रीची वेगळी प्रत निघायची खरी, पण ती कालची. आज सकाळी काढलेली चित्रं त्या बारा डिस्कांखेरीज जगात कुठेही नव्हती.

मी गप्प पडद्याकडे बघत होते तेव्हा मला काल आठवला. काल खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे कपाटाची पूजा असे. न्हाव्याने वस्तऱ्याची करावी, सुताराने रंध्याची करावी, तशी आम्ही आमच्या हत्याराची करायचो. काही वर्षांपूर्वी ऐन आरतीत उदबत्तीच्या धुराने आणि उघड्या दाराने कपाटाचा भोंगा वाजला होता. एक वयस्क विश्वस्त असे दचकले की तबकातलं निरांजन त्यांच्या धोतरावर पडलं. तेव्हापासून प्रथाच पडली. पूजेआधी साहेब स्वतः कमांड देऊन सगळे अलर्ट गप्प करायचे आणि प्रसाद वाटून झाला की पुन्हा बोलते करायचे. हे काम त्यांचंच. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. काल आरती संपता संपता त्यांना वॉर्डातून फोन आला होता, भूलतज्ज्ञ रेवतीला तपासायला आलेत म्हणून. प्रसादाचा पेढा हातात तसाच घेऊन ते गेले होते.

ते पुन्हा खाली आले नव्हते.

गप्प केलेल्यांची यादी काढायची एक वेगळी कमांड असते. ती मी वर्षानुवर्षं वापरली नव्हती. लिहिताना बोटं चुकली, पुसून पुन्हा लिहिली, तीनदा वाचली आणि एंटर दाबलं. पडदा भरून वर सरकला आणि माझी पाचावर धारण बसली. आठव्या खणातली डिस्क काल दुपारीच मेली होती. आणि दुसऱ्या खणातली वाचताना अडखळत होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आमच्या कपाटाची रचना अशी होती, की बारांतली एक डिस्क मेली तरी उरलेल्या अकरा मिळून तिचा भार उचलायच्या आणि बाहेर कुणाला काही कळत नसे. दोन गेल्या की सगळंच गेलं. म्हणजे एक जीव गेला होता, दुसरा घोटाळत होता आणि वर रेवतीचं डोकं उघडून झालं होतं.

मी पहिल्यांदा सगळे अलर्ट बोलते केले. भोंगा वाजायला लागला, तो तेवढा बंद केला. मग शहाणपणा म्हणून रेवतीची चित्रं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. कपाट बुडालंच, तर लॅपटॉप घेऊन थिएटरच्या दाराशी धावायचं, एवढाच विचार. पण उतरवायचं म्हणजे डिस्कांना आणखी वाचायला लावायचं. दुसरीच्या नावापुढचा चुकांचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढायला लागला. इतक्यात फोन वाजला. थिएटरच्या सलोमी सिस्टर होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही.

"सुनेत्रा, चित्रं लई हळू उघडाय लागल्यात गं. डॉक्टर हातातलं काम थांबवून उभे राहिलेत. काय अडचण आहे का?"

"बघते सिस्टर," मी म्हणाले. "आत्ता उघडतील."

मी उतरवणं थांबवलं. सिस्टर फोनवरच होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हां, उघडलं," आणि फोन ठेवला. लॅपटॉपवर रेवतीच्या डोक्याच्या चित्रांतले चार-सहा काप तेवढे आले होते, आणि तेही हवे त्या बाजूचे नव्हते.

आता एकच मार्ग होता. आठवीच्या जागी नवी डिस्क घालायची आणि दुसरीने मान टाकण्याआधी तिला जितकं भरता येईल तितकं भरू द्यायचं. नवी डिस्क होती, लोखंडी कपाटात, कुलपात. किल्ली साहेबांच्या खिशात. आणि साहेब होते थिएटरच्या दाराबाहेर, लेकीची वाट बघत.

मी जिना चढायला लागले. त्यांना काय सांगायचं, याची मी मनात तीन-चार वाक्यं तयार केली आणि ती सगळी वरच्या पायरीपर्यंत विसरले.

आमचे साहेब, कुंभोजकर सर, बाकावर ताठ बसले होते. शेजारी काकू, रेवतीची आई. काकूंच्या मांडीवर पर्स, आणि पर्सच्या तोंडातून आपट्याची पानं डोकावत होती. लेक शुद्धीवर आली की तिच्या हातात पहिलं सोनं आपण द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला बघून त्या हसल्या, डबा खाल्लास का म्हणून विचारलं. मी मान हलवली.

"सर, स्टोअरच्या कपाटाची किल्ली हवी होती."

सरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तेवीस-चोवीस वर्षं मशीन बघत आलेला तो माणूस, आणि मला त्यांनीच घडवलेलं. काकूंना म्हणाले, आलोच, जरा खाली एक दार लागत नाहीये. जिन्यावर वळल्यावर त्यांनी विचारलं, "कितवी?"

"आठवी गेलीय. काल दुपारी. आणि दुसरी अडखळतेय."

त्यांनी कठड्याला धरलं. काल दुपारी, असं ते एकदा पुटपुटले. काय झालं होतं ते त्यांना तिथेच कळलं, मला सांगावं लागलं नाही. उरलेला जिना ते इतक्या वेगाने उतरले की मला त्यांच्यामागे पळावं लागलं.

सर्व्हर रूममध्ये कालच्या झेंडूचा वास कोंडला होता. नवी डिस्क खोक्यातून काढून सरांनी काखेत धरली, दारावरचा हार बाजूला सारला आणि कपाट उघडलं. आत तीन ओळींत चार-चार खण, प्रत्येक खणाला बोटाने ओढायची एक कडी आणि कडीखाली गव्हाच्या दाण्याएवढा दिवा. चांगल्या डिस्कचा हिरवा, बिघडलेलीचा नारिंगी. सर खाली वाकले आणि त्यांनी पाचव्या खणाच्या कडीला हात घातला.

"सर, आठवी," मी म्हणाले.

"अगं, ही बघ की. नारिंगी दिवा पाचवीचा आहे."

मी बघितलं. खरंच होता. पाचव्या खणातला दिवा मंद नारिंगी जळत होता. आठव्या खणातला दिवा लागलेलाच नव्हता. बाकीचे सगळे हिरवे.

मी धावत बाहेर जाऊन पडद्यावर पुन्हा विचारलं. पडदा म्हणाला, आठवी मेली, पाचवी ठणठणीत. मी परत आले. पाचवीचा दिवा नारिंगीच होता. मी सरांना पडदा काय म्हणतो ते सांगितलं. त्यावर ते जे म्हणाले, ते त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, की मशीनच्या बाबतीत विश्वास पानिपतात गेला. पडदा म्हणजे कुणीतरी कुणालातरी दिलेला निरोप. दिवा म्हणजे डिस्कचं स्वतःचं तोंड. निरोप आणि तोंड यांच्यात फरक पडला, तर तोंड बघायचं. हे वाक्य मी पुढे किती नव्या पोरांना सांगितलं होतं.

"पण सर, यादीत पाचवी नाहीये."

"कशी असेल? काल मीच सगळ्यांची तोंडं बांधली. बांधलेल्या तोंडानं कोण काय सांगणार? गप्प असताना जे नवं बिघडलं, ते यादीत येतंच अशी खात्री आहे तुला?"

मला खात्री नव्हती. आज आहे, त्या दिवशी नव्हती. गप्प केलेल्या अलर्टची नोंद होते एवढं मला माहीत होतं, पण प्रत्येकाची होते का, हे छातीवर हात ठेवून मी सांगू शकले नसते. आठवीचा दिवा का लागत नाही, याचंही माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर म्हणाले, दिवा जळून गेला असेल, डिस्क चांगली असेल. मी म्हणाले, आठवी खरंच मेलेली असेल आणि आपण पाचवी उपसली, तर दोन गेल्या. ते म्हणाले, पाचवी मेलेली असेल आणि आपण आठवी उपसली, तरी दोन गेल्या. दोघांचंही बरोबर होतं. एक डिस्क उपसायची होती आणि चुकीची उपसली तर वरच्या थिएटरमधला मोठा पडदा काळा होणार होता, नगरकरांचे हात रेवतीच्या डोक्यात असताना.

"थांबू या का थोडं?" मी विचारलं. "ऑपरेशन होईपर्यंत कशालाच हात नको लावू या."

"दुसरीचा आकडा किती आहे?"

मी बाहेर जाऊन बघून आले. आकडा मी त्यांना सांगितला नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना तो कळला. इकडे आड, तिकडे विहीर, ही म्हण मी लहानपणापासून पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

पुन्हा फोन वाजला. सलोमी सिस्टर. एक चित्र अर्धं उघडून थांबलंय, असं त्या म्हणाल्या, आणि मागून नगरकरांचा आवाज ऐकू आला, शांत, पण कुणालातरी आता माझ्याशी बोलू नका असं सांगणारा. मी सरांना काय झालं ते सांगितलं. सांगायला नको होतं, पण न सांगून कसं चाललं असतं.

सर वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाई करताना कधी बघितलं नव्हतं. पाय घसरला तरी हळू घसरावा असा तो माणूस. आता त्यांनी पाचवीची कडी धरली आणि अंगठ्याने तिचा खटका दाबला. कडी अर्धी बाहेर आली. आणखी एक हिसका, की डिस्क हातात.

"सर, नका."

"सुनेत्रा, हात काढ."

माझा हात त्यांच्या मनगटावर होता. तो कधी गेला, मला कळलं नव्हतं. सरांच्या अंगाला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ. मला रडू येत होतं. आपल्या भित्रेपणापायी रेवतीचं वाटोळं होईल असं एकीकडून वाटत होतं, आणि हात मात्र सुटत नव्हता.

"माझी पोरगी आहे वर," ते म्हणाले. "सोड म्हणतो ना."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून खाली बघत होते. खाली त्यांचा अंगठा होता, खटका दाबून धरलेला. नखाच्या कडेला, सुरकुत्यांत, पेरापर्यंत तो पिवळट नारिंगी झाला होता. त्याच्याखाली दिवा. दिव्याच्या कडेला तांदळाचा एक अर्धा दाणा चिकटला होता. अंगठ्याचा रंग आणि दिव्याचा रंग एकच होता.

"सर," मी म्हणाले, "हळद."

त्यांना कळलं नाही. मी दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक तोंडात घेऊन ओलं केलं. नवी ओढणी होती, आईने दसऱ्याची आणलेली. ते टोक मी पाचवीच्या दिव्यावर घासलं. आधी काहीच झालं नाही, हळद वाळून बसली होती. पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. ओढणीला पिवळं-तांबडं लागलं आणि दिवा हिरवा झाला.

सरांनी कडी हळूच आत दाबली. खटका बसल्याचा आवाज आला.

मग मी आठवीचा दिवा पुसला. त्याच्यावर कुंकवाचा जाड थर होता, त्यात अक्षता रुतलेल्या. नखाने खरवडावं लागलं. थर निघाला आणि खालून दिवा दिसला, चांगला ठसठशीत नारिंगी. काल दुपारपासून तो तसाच जळत होता.

दरवर्षी आम्ही पूजा करायचो ती कपाटाच्या दाराची. दारावर एक स्वस्तिक आणि हळद-कुंकवाचं एक बोट, संपलं. आतल्या मशीनला काही लावायचं नाही, हा नियमही सरांचाच. काल मी मागच्या बाजूला पेढ्यांचा पुडा सोडत होते. सरांनी दार उघडलेलं मला दिसलं होतं, पण धूळ पुसत असतील असं वाटलं. इतका वेळ मी फक्त दिवे बघत होते; आता मी सगळ्या खणांवरून नजर फिरवली. एकेका डिस्कला, एकही न सोडता, त्यांनी ओल्या हळद-कुंकवाचं बोट लावलं होतं. बोट नाही, अख्खा अंगठा. वर अक्षता. दहा ठिकाणी ते कडीच्या वर राहिलं होतं. दोन ठिकाणी ओघळून दिव्यावर आलं होतं.

"तिची चित्रं कुठल्या डिस्कवर जाणार, ते सांगता येत नाही," सर म्हणाले. "तुकडे होऊन सगळीकडं जातात ती. म्हणून म्हटलं, सगळ्यांनाच लावू."

मी ओढणीच्या टोकाने नखातलं कुंकू पुसलं.

आठवी मीच उपसली. सरांनी माझ्या हातात नवी डिस्क दिली आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पडद्याने आठवी म्हटलं होतं, दिव्याने आठवी म्हटलं होतं, तरी कडी ओढताना माझे डोळे मिटले होते. जुनी निघाली. वरून फोन वाजला नाही. नवी आत गेली, तिचा दिवा लुकलुकायला लागला. मी बाहेर येऊन कमांड दिली, भरणं चालू राहू दे, पण अगदी संथ, थिएटरला चित्रं आधी मिळू देत. एंटर दाबण्याआधी तीनदा वाचली. शेजारी सर उभे होते. तेही ओठांनी वाचत होते.

सलोमी सिस्टरांना फोन करून विचारलं, तर उघडताहेत म्हणाल्या, अजून हळू, पण उघडताहेत.

मग मी फडकं ओलं करून आणलं आणि उरलेल्या डिस्का पुसायला घेतल्या. रागही आला होता थोडा, कुणावर ते नक्की नाही. पहिली पुसली. दुसरीपाशी हात गेला तेव्हा सरांनी तो धरला.

"एवढी राहू दे," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत."

दुसरी म्हणजे ती अडखळणारी. हळदीने डिस्कला गुण येत नाही, हे मलाही कळतं आणि त्यांनी तर मला ते काम शिकवलेलं. मी तिचा दिवा मोकळा असल्याचं बघून घेतलं, वरचं बोट तसंच ठेवलं आणि तिसरी पुसायला लागले.

सर वर गेले. मी पडद्यापुढे बसले. त्या दिवशी मी दर मिनिटाला दुसरीला विचारत होते, आहेस का, आणि ती म्हणत होती, आहे. आकडा वाढायचा, थांबायचा, पुन्हा वाढायचा. डबा तसाच राहिला. एकदा बराच वेळ काही उत्तरच आलं नाही, तेव्हा मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि लहानपणी अंधारात म्हणायचे ते रामनाम माझ्या तोंडात आलं होतं. मग ओळ उमटली. आहे.

दुपार कलल्यावर सलोमी सिस्टरांचा फोन आला. टाके घालायला घेतले, असं त्यांनी सांगितलं. गाठ निघाली. चित्रं आता लागणार नाहीत. पण बोलण्याचं काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते शुद्धीवर आल्यावरच कळणार.

म्हणजे भीती संपली नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती.

संध्याकाळी सरांनी मला वर बोलावलं. अतिदक्षता विभागात एरवी दोघांहून जास्त जणांना सोडत नाहीत, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. रेवतीचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, चेहरा सुजलेला. डोळे उघडे होते. काकू पायांशी उभ्या होत्या, हातात आपट्याचं एक पान. डॉ. नगरकर उशाशी बसून तिला एकेक गोष्ट विचारत होते. नाव विचारलं, तर तिने ओठ हलवले आणि आवाज आला नाही. त्यांनी पेन दाखवलं. ती पेनाकडे बघत राहिली. काय असतं ते तिला ठाऊक आहे हे डोळ्यांत दिसत होतं, पण शब्द येत नव्हता. दिवसभर दर मिनिटाला पडद्यापुढे वाट बघितली होती, तशीच मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. सर बाहेर जायला वळले. त्यांना बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांचा हात धरून त्यांना परत बसवलं आणि तोच हात रेवतीपुढे धरला.

"हे काय आहे बाळा? कुणाचं आहे हे?"

रेवतीने बराच वेळ त्या हाताकडे बघितलं. मग तिचं बोट वर आलं, फार सावकाश, आणि वडिलांच्या अंगठ्यावर टेकलं.

"हळद," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, जड जिभेने, पण स्पष्ट, "बाबा, धुतली नाही?"

सरांनी मूठ मिटली आणि त्या मुठीवर कपाळ टेकलं.